अगत्यकाकांचं बोलावणं

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. वर्तकनगरची आमची इमारत ज्या सभेत बिल्डरच्या हाती गेली, त्या सभेचं बोलावणं अगत्यकाकांचं नव्हतं. ते माझं होतं.

अगत्यकाका म्हणजे आमच्या सोसायटीचे चिटणीस. जिन्याखालच्या फळ्यावर सभेची सूचना ते खडूने लिहीत आणि शेवटी न चुकता 'अगत्याने यावे' असे. हे शब्द लिहिले की लिहिणाऱ्याने दारोदार जाऊन बोलवायलाच हवं, असा त्यांचा नियम. चार मजले, लिफ्ट नाही, दोन्ही गुडघे दुखरे. तरी जात. उंबऱ्याबाहेर चपला काढत, पण आत येत नसत. "बसायला नाही आलो, बोलवायला आलोय," म्हणत. पोरं मागे त्यांची नक्कल करायची. सभेला मात्र पोरांचे आईबाप हजर असायचे.

मी सहचिटणीस. एकदा टाकी धुण्याच्या सूचनेत मी हौसेने लिहिलं, 'पाणी अगत्याने भरून ठेवावे.' काकांनी ओल्या फडक्याने तेवढाच शब्द पुसला.

"अरे, पाण्याला 'आठवणीने' पुरतं. माणूस आला नाही तर आपल्यालाच चुकल्यासारखं होणार असेल, तर अगत्याने म्हणायचं."

मी म्हटलं, मग 'अवश्य या' का नको? त्यांच्या मते अवश्य म्हणजे पुढच्यावर सोपवून मोकळं होणं; अगत्यात आपण स्वतः अडकतो. वर मला टोमणा, की तुम्ही मोबाइलवर नकाशा पाठवता, ते बोलावणं नव्हे, शोधून काढा म्हणून दिलेलं आव्हान आहे.

इमारत पाडून नवी बांधून देतो म्हणत बिल्डर आला तेव्हा काकांचं म्हणणं एवढंच होतं, की आधी करार वकिलाला दाखवू. त्यातच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि ते पंधरा दिवस कोपरला मुलीकडे गेले. "मी आल्यावर सभा घेऊ, तोवर फळा सांभाळ," असं मला सांगून गेले.

आमच्या घरात तेव्हा भिंतींना ओल होती, मुलगी मोठी होत होती, आणि बिल्डरचा माणूस रोज फोन करून सांगायचा की उशीर केलात तर आम्ही पलीकडची इमारत घेऊ. मी फळ्यावर सूचना लिहिली. खाली फक्त 'चिटणीस' लिहिलं. आणि त्यांच्यासारखाच दारोदार गेलो, चपला काढून. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू एकट्या राहायच्या. त्यांनी विचारलं, "काकांनीच पाठवलंय ना रे तुला?"

मी हसलो. नाही म्हटलं नाही.

सभा भरली, सह्या झाल्या. काका काळा चष्मा लावून परतले. माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बहुमताने झालंय ना, मग आता मोडता घालणं बरं नव्हे. दारोदार कसा गेलो, ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

इमारत पाडली. वर्षभराने बिल्डरने आमच्या तात्पुरत्या घरांचं भाडं देणं थांबवलं, कामही थांबवलं. आम्ही सगळे पत्रे ठोकलेल्या त्या प्लॉटपाशी जमलो. काकाही कोपरहून आले. जोशीकाकू सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमचं बोलावणं म्हणून आले हो मी त्या सभेला. तुमच्या भरवशावर सही केली. असं का फसवलंत?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मी मोबाइल काढला आणि काहीतरी वाचत राहिलो.

"चुकलं माझं, वहिनी," काका म्हणाले.

नंतर बाकीच्यांनीही त्यांना बरंच ऐकवलं. बिल्डरने काकांना काय दिलं असेल, इथपर्यंत बोलणं गेलं. काकांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. मी त्यांना रिक्षा करून दिली. आत बसल्यावर ते म्हणाले, "तू बोलशील असं वाटलं होतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला पुढे एवढी वर्षं काढायला सोपं गेलं असतं.

गेल्या वर्षी काका कोपरलाच वारले. जुन्या इमारतीतून मी एकटाच भेटायला गेलो. त्यांच्या मुलीने विचारलं, "बाबांनी असं काय केलं होतं हो, की कोणीच आलं नाही?" मी तिला म्हणालो, लोकांचं काय, विसरतात.

जोशीकाकू आता मोहन्याला भावाकडे असतात. त्यांना आणि काकांच्या मुलीला मला हे सांगायचं आहे, की ती सूचना मी लिहिली होती आणि काकांना त्या सभेची कल्पनाही नव्हती. अजून सांगितलेलं नाही.