कानस घसरायला हवी होती

ती डिस्क प्लेट मी पहिल्यांदा हातात घेतली तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला भोकं-भोकं असलेली जी गोल चकाकती प्लेट असते, ब्रेक मारला की जिला पॅड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, ती ही. चोऱ्यामाऱ्या, मारामाऱ्या, जमिनीचे तंटे यांचा तपास करण्यात माझी सारी नोकरी सरली. पण जिथे खरा साक्षीदार पोलादाचा तुकडाच होता, असा गुन्हा माझ्या वाट्याला एकदाच आला.

मी तेव्हा जिल्ह्याच्या दक्षिण भागात ठाणेदार होतो. एका सकाळी लोणारकडच्या रस्त्यावर, लांबलचक उतार संपतो तिथे एक मोटारसायकल ट्रॉलीवर आदळली. गाडी चालवणारा शेतकरी होता आणि मागे बसलेली त्याची बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तो तिला शाळेत सोडायला निघाला होता. त्याच्या मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं, डोक्याला मार लागला आणि तो शुद्धीवर येईना. बाईंचा हात मोडला, पण त्या बोलू शकत होत्या.

दवाखान्यात त्यांचा जबाब मी स्वतः घेतला. त्या म्हणाल्या, "साहेब, त्यायनं ब्रेक दाबला होता. म्या खांद्यावरून पाहिलं. लिव्हर पार मुठीले टेकलं, पण गाडी थांबेच ना. परवाच दुसरबीडच्या मेकॅनिकनं प्लेट बदलून देली."

मग काय! आम्ही दुसरबीडला पोचलो तोवर गॅरेजसमोर पन्नास-साठ लोक जमले होते. दोघांनी मेकॅनिकची कॉलर धरली होती. त्याला सोडवून जीपमध्ये बसवलं आणि ठाण्यात आणलं. चाळिशीतला सडपातळ माणूस, हाताला ग्रीस तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या पद्धतीने प्रश्न विचारत गेलो. पॅड कोणी बसवले? त्याने. बोल्ट कोणी आवळले? त्यानेच. टेस्ट घेतली? घेतली.

"मग ब्रेक लागला काऊन नाही?"

तो पायाकडे बघतच म्हणाला, "बोल्ट ढिला राह्यला असंल साहेब. माह्याच हातून चूक झाली असंल. त्या मास्तरीणबाईंच्या मालकाले काही झालं त मी जगून काय करू?"

कबुली समोर होती. आमचे हवालदार कागद पुढे ओढून लिहायलाही लागले. सात वर्षांचा अनुभव असलेला कोणताही अधिकारी तिथे खूश झाला असता. मीही झालो, हे कबूल करतो.

तेवढ्यात ठाण्याचा फोन वाजला. हवालदारांनी उचलला आणि माझ्याकडे दिला. पलीकडे वयस्कर आवाज होता. "साहेब, त्या गरीब मेकॅनिकले काऊन धरून राह्यले? त्याचा दोष नाही. त्या प्लेटले चुंबक लावून पाहा." फोन बंद. नंबर सार्वजनिक फोनचा निघाला.

मी स्टेशन डायरीला नोंद केली आणि पंचनामा पुन्हा वाचायला घेतला. त्यात आमच्याच हवालदारांनी स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं: पुढील चाकाच्या प्लेटचे सर्व बोल्ट घट्ट आढळले. ओळ आमची, सही माझी, आणि माझ्यासमोर एक माणूस बोल्ट ढिला राहिल्याची कबुली देत होता!

मेकॅनिकला मी चहा मागवला आणि विचारलं, "बाईंच्या गाडीची जुनी प्लेट काय केलीस?"

"भंगारात पडून आहे साहेब, गॅरेजमधी."

ती मागवली. कंपनीची मूळ प्लेट, वापरून झिजलेली. हवालदारांनी मोडक्या लाउडस्पीकरचं चुंबक शोधून आणलं. जुन्या प्लेटला ते टपकन चिकटलं, ओढून काढावं लागलं. अपघातातल्या प्लेटला लावलं तर घसरून टेबलावर पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. खोलीतले आम्ही सगळे उभे राहिलो होतो. मेकॅनिक तर डोळे फाडून बघत होता.

जवळच्या आयटीआयमध्ये एक शिक्षिका होत्या. फिटरचा वर्ग शिकवायच्या. बौद्ध वस्तीतल्या मजुराची मुलगी, लेथवर स्वतः काम करून तिथवर पोचलेली. त्यांनी प्लेट हातात घेताच उजेडाकडे धरली. बोटाने जाणवतील इतके खोल चरे पडले होते, कडेला निळसर झाक होती आणि ती सपाट टेबलावर ठेवली तर डुगडुगत होती.

"साहेब, हे भांड्याचं स्टील आहे," त्या म्हणाल्या. "आपण ज्या डब्यात पोळ्या ठेवतो ना, त्याच जातीचं. गंजत नाही, चकाकतं, पण कितीही तापवा, टणक होतच नाही. शिवाय उष्णता लवकर सोडत नाही. उतारावर सतत ब्रेक दाबला की तापतं, वाकडं होतं, ब्रेकच्या नळीतलं तेल उकळतं आणि लिव्हर ढिलं पडतं."

"आणि ब्रेकला कुठलं लागतं?"

"स्टेनलेसच, पण दुसरं. त्याला चुंबक चिकटतं. पण नुसतं ते स्टील निवडून भागत नाही. भट्टीत नारिंगी होईस्तोवर तापवून झटकन थंड करायचं. लोहार विळ्याला पाणी देतो ना, तसं. मग बेतानं पुन्हा थोडं गरम करायचं, नाहीतर तडकतं. एवढं केलं तर प्लेट टिकते."

मी वहीत एकेक शब्द उतरवून घेत होतो. अंगावर काटा आला होता. कारण मेकॅनिकने सांगितलं होतं, अशा प्लेटा त्या महिन्यात त्याने बऱ्याच गाड्यांना बसवल्या. माल मलकापूरच्या एका ठोक विक्रेत्याकडून आला होता. खोक्यावर नामी कंपनीचं नाव छापलेलं.

वरिष्ठांची परवानगी घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मलकापूर गाठलं. आयटीआयच्या त्या मॅडम तज्ज्ञ म्हणून सोबत होत्या. स्थानिक ठाण्याचे दोन शिपाई घेतले आणि दुकानात शिरलो. विक्रेता गोरागोमटा, हसतमुख, आधी पाणी पाजणारा. मी फक्त एवढंच म्हणालो की एका अपघाताच्या चौकशीत प्लेटा बघायच्या आहेत.

"बघा ना साहेब! आपल्याकडे डुप्लिकेट मालच नाही," तो म्हणाला. "पाहिजे त चुंबक लावून पाहा."

मी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे. चुंबकाचा शब्दही आम्ही कुणी काढला नव्हता.

चुंबक लावलं. चिकटलं! एक, दोन, पाच खोकी फोडली. सगळ्या प्लेटांना चिकटलं. विक्रेत्याचं हसू आणखी रुंद झालं. इतक्या लांब येऊन हात हलवत परत जायचं?

मॅडमनी शांतपणे पिशवीतून कानस काढली. आधी त्यांनी ती सोबत आणलेल्या जुन्या मूळ प्लेटवर ओढली. कानस किंचाळत घसरली, ओरखडाही उमटेना. मग दुकानातल्या नव्या कोऱ्या प्लेटवर ओढली. कर्रर्र करून ती धातूत रुतली आणि चकचकीत बुकणी काउंटरवर सांडली.

"स्टील आता बरोबर निवडलं," त्या म्हणाल्या, "पण पाणी दिलंच नाही. कच्चंच विकून राह्यले हे लोक."

मी विक्रेत्याला खुर्चीवर बसवलं. "चुंबकाचं तुला कोणी सांगितलं?"

तो काहीतरी पुटपुटला. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आवाज न चढवता. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याच्या कपाळावर घाम आला. "कारखान्यावाल्यानं साहेब. म्हणे आधीचा माल चुंबक पकडत नाही, बोंब होईल. म्हणून स्टील बदललं."

म्हणजे आधीचा माल खोटा आहे हे दोघांना ठाऊक होतं. तरी तो परत मागवला नव्हता.

विक्रेत्याने कारखान्याचा पत्ता दिला. कापसाच्या जिनिंगमागच्या त्या पत्र्याच्या शेडवर आम्ही पोचलो तेव्हा मागच्या दाराला टेम्पो लागला होता आणि खोकी भराभर त्यात चढत होती. चालकाने गाडी सुरू केली. आमचे हवालदार वयाने पन्नाशीचे, पण असे झेपावले की खिडकीतून हात घालून किल्लीच काढून घेतली! आत प्लेटा कापायचं यंत्र, छापील खोकी, स्टिकरचे गठ्ठे. कोपऱ्यात भट्टी होती. थंडगार, वर रिकाम्या पोत्यांचा ढीग. पंचांसमोर सगळा मुद्देमाल जप्त केला, मालकाला ताब्यात घेतलं.

पंचनामा चालू असताना रस्त्यापलीकडच्या टपरीवरून एक म्हातारा आला. दोन्ही हातांवर भाजल्याचे जुने डाग. "म्याच फोन केलता साहेब," तो म्हणाला. "भट्टीवर मी होतो. मालक म्हणे, भट्टी बंद कर, टाइम लागते. म्या म्हटलं, लोकं मरतीन. त मलेच काढून टाकलं. पेपरात मेकॅनिकचं वाचलं अन् जेवण गेलं नाही."

त्याचा जबाब पुढे न्यायालयात प्रयोगशाळेच्या अहवालाइतकाच वजनदार ठरला. कारखान्याचा मालक आणि विक्रेता, दोघांनाही शिक्षा झाली. अपघातातल्या शिक्षिकेचा नवरा बाराव्या दिवशी शुद्धीवर आला. थोडा लंगडतो, पण शेतात जातो.

खरी धावपळ मात्र छाप्याच्या दिवसापासून सुरू झाली. विकलेल्या प्लेटा अजून रस्त्यांवर फिरत होत्या. मेकॅनिकला मी सोडलं तेव्हा तो घरी गेला नाही. म्हणाला, "साहेब, बसवल्या म्या, काढणार बी मीच." दुसरबीडच्या बाजाराच्या दिवशी आम्ही रस्त्याच्या कडेला मांडव टाकला. मॅडम कानस घेऊन, मेकॅनिक पाने घेऊन. येईल ती मोटारसायकल थांबवायची. लोक आधी चिडले, मग रांग लागली. एका जोडप्याच्या टाकीवर तान्हं लेकरू होतं. त्यांच्या प्लेटवर कानस रुतली तेव्हा बापाचा चेहरा पांढरा पडला.

दुपारी मेकॅनिकने आमच्या बीट शिपायाच्या सरकारी गाडीकडे बोट दाखवलं. "तिचंही पाहू का साहेब?" मी हसून हो म्हणालो. कानस रुतली. त्या गाडीवर मागे बसून मी आदल्या आठवड्यात तोच उतार उतरलो होतो.

मी मेकॅनिकची माफी मागितली, चारचौघांत. तो ओशाळला. "जाऊ द्या साहेब. मलेच वाटलं होतं माही चूक आहे."

त्या वाक्यानं मला जे शिकवलं ते प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं. प्रामाणिक माणूस आधी स्वतःवर संशय घेतो आणि अपराधी माणसाकडे न विचारलेल्या प्रश्नाचंही उत्तर तयार असतं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत, कुणी माझ्यासमोर सहज गुन्हा कबूल केला की मी कागद बाजूला सारायचो आणि म्हणायचो, "थांब. आधी वस्तू बघू."