नामाजीच्या नांदेडच्या फेऱ्या

डोंगरकड्याच्या नामाजीने आयुष्यात एकच गाडी विकत घेतली, ती पण बायकोसाठी. त्याआधी वीस वर्षं तो दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता. आठवडी बाजारांना मेंढ्या-बकऱ्या पोचवायच्या आणि रिकामा टेम्पो घेऊन परत यायचं, हे त्याचं काम. घरच्या साठेक मेंढ्या त्याची बायको सिंधूबाई राखायची. लेक सुकन्या लग्न होऊन वसमतला गेलेली. दोघांचं बरं चाललं होतं.

मग सिंधूबाईच्या पायांवर सूज यायला लागली. तपासण्या झाल्या आणि दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, डायलिसिस. नंबर लागला तो नांदेडच्या एका दवाखान्यात. जाताना एसटीने जमायचं, येताना मात्र हाल. चार तास मशीनवर पडून उठल्यावर तिला धड उभं राहता यायचं नाही. एकदा अर्धापूरच्या पुढे बसमध्येच तिला उलटी झाली आणि ती सीटवरून खाली घसरली. लोकांनी तोंडावर पाणी मारलं, कुणीतरी वर्तमानपत्राने वारा घातला. नामाजी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसच्या पत्र्यावर बसून राहिला. घरी आल्यावर म्हणाला, "आता तुला बसनं न्हाई नेणार."

त्याच आठवड्यात त्याने चाळीस मेंढ्या विकल्या आणि वाशीमकडची एक पांढरी डिझेल गाडी आणली. चौदा वर्षांची. मीटर लाखभर किलोमीटर दाखवत होता, पण क्लचच्या पेडलवरचं रबर झिजून पार गुळगुळीत झालं होतं, म्हणजे मीटर मागे फिरवलेला. वीस वर्षं टेम्पो चालवलेल्या माणसाला ते दिसलं नाही असं नाही. पण मागचं सीट लांब होतं, सिंधूबाईला पाय पसरून झोपता येणार होतं. त्याने तेवढंच बघितलं.

पहिले दोन महिने बरे गेले. मागे आडवी पडून सिंधूबाई म्हणायची, "राणीसारखं चालले बघा मी." मग एकेक निघायला लागलं. आधी बॅटरी बसली. मग सेल्फ मारला की नुसता टकटक आवाज. सेल्फ झाला तर क्लचप्लेट घसरायला लागली. चढाला इंजिन ओरडायचं आणि गाडी जागेवर. टायर चारही बदलावे लागले. वर्षभराने गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती, म्हणजे आरटीओचं पासिंग पुन्हा करून घ्यायचं. मेंढ्यांचे उरलेले पैसे असे हळूहळू गाडीत गेले.

नांदेडच्या अलीकडे उत्तमसिंग नावाच्या मिस्त्रीचं गॅरेज होतं. बोलायला तिखट, पण कामात खोट नाही. मार्चमध्ये गाडी सारखं पाणी प्यायला लागली तेव्हा नामाजी त्याच्याकडे गेला. उत्तमसिंगने ऑइलचं झाकण उघडून उलटं धरलं. आतून पांढरट साय चिकटलेली.

"हे बघा नामाजीभाऊ. ऑइलमध्ये पाणी उतरून राहिलं. हेडचं गॅस्केट गेलं."

"मग?"

"इंजिन उघडावं लागेल. चार-पाच दिवस गाडी ठेवा."

"पाच दिवस कशी ठेवू? परवा गुरुवार हाय."

"एक-दोन खेपा बसनं न्या वहिनीला."

नामाजीच्या डोळ्यांपुढे बसचा तो पत्रा आला. शेवटी म्हणाला, "पुढच्या महिन्यात बघू."

उत्तमसिंगने झाकण घट्ट लावलं. "तुमची मर्जी. पण एक ध्यानात ठेवा. गरमीचा काटा लालमधी गेला की जिथं असाल तिथं बंद करायची. एक किलोमीटर पण ओढायची न्हाई. इंजिन जाम होऊन बसंल."

एप्रिल लागला. इंजिन थंड राहावं म्हणून नामाजी गाडीतला हीटर चालू ठेवायचा. इंजिनाची गरमी आत ओढली की काटा थोडा खाली यायचा. बाहेर ऊन आणि आत हीटर. सिंधूबाई पदर ओला करून तोंडावर घ्यायची. तिला दिवसभरात तांब्याभर पाणीच पिता यायचं, जास्त प्यालं की अंगात साठायचं. तिच्या पायाशी मात्र पाण्याने भरलेले दोन कॅन असायचे, गाडीसाठी. नामाजी रस्त्याकडेला थांबून रेडिएटरमध्ये पाणी ओतायला लागला की ती काचेतून बघत राहायची.

एकदा म्हणाली, "तिला किती बी पाजता तुमी."

पुढच्या खेपेपासून नामाजी बॉनेट उघडून तिच्याकडे पाठ करून पाणी ओतायचा.

एका गुरुवारी अर्धापूरजवळ पाण्याचा पाइप फुटला. पाइप मिळून बसवेपर्यंत दुपार झाली आणि मशीनवरची तिची वेळ गेली. आता सोमवारीच या, असं दवाखान्यातून सांगितलं. रविवारी सिंधूबाईला आडवं होता येईना. आडवी झाली की दम लागायचा. ती भिंतीला टेकून बसली, तो तिच्याशेजारी बसला.

सोमवारी उजाडताच दोघं निघाली. अर्धापूर मागे पडलं आणि काटा चढायला लागला. नामाजीने हीटर पूर्ण वाढवला, काचा खाली केल्या. काटा लालमध्ये गेला. त्याने गाडी कडेला घेऊन मागे बघितलं. सिंधूबाईचे ओठ निळसर झाले होते.

"थांबू का जरा? पाणी टाकतो."

तिने डोळे न उघडता मान हलवली. "चला."

थांबायचं तर इंजिन निवायला अर्धा-पाऊण तास, आणि निवूनही पुढे चालेल याची खात्री नाही. सकाळच्या त्या वेळी रस्त्याला एकही रिकामी गाडी नव्हती. नामाजीने गियर टाकला. बॉनेटमधून वाफ यायला लागली, मग जळका वास, मग लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज. तो स्टिअरिंगवर वाकून चालवत राहिला. शहराची वस्ती लागली आणि गाडी एक हिसका देऊन थांबली. सेल्फ फिरेना. त्याने बायकोला दोन्ही हातांवर उचललं आणि पळत जाऊन एका ऑटोत घातलं. किल्ली गाडीलाच राहिली.

सिंधूबाई त्या दिवशी मशीनवर वेळेत चढली. संध्याकाळपर्यंत तिचा दम कमी झाला.

गाडी उत्तमसिंगने ओढून नेली होती. इंजिन उघडून त्याने दाखवलं. हेडला चीर गेलेली, पिस्टन अडकून बसलेले. मी सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "नवं बसवायला गाडीच्या किमतीपेक्षा जास्त लागंल भाऊ. सोडून द्या." आठ दिवसांनी नामाजीने ती भंगारात दिली.

"गाडी कुठंय?" सिंधूबाईने विचारलं.

"रिपेरीला."

"किती दिवस?"

"लागतील थोडे."



पुढे कधी एसटी, कधी भाड्याची जीप. उरलेल्या वीस मेंढ्यांतल्या बारा त्यात गेल्या. श्रावणात एका गुरुवारी ती उठलीच नाही.

"आवर, बस जाईल."

"मी न्हाई येत."

"काहून? आसं कसं चालंल?"

"लई झालं आता. तुमी बी थकले." मग ओट्याकडे बघत, "मला हितंच बसू द्या. उन्हात."

त्याने ओट्यावर बाज टाकली. सुकन्या वसमतहून आली, रडली, भांडली. सिंधूबाई बधली नाही. नवव्या दिवशी ती गेली.

दिवस झाल्यावर सुकन्या बापाला म्हणाली, "दादा, डॉक्टर तर म्हणले, तिचं हृदयच कमजोर झालं होतं. तुमी काय करणार?"

"मार्चातच गाडी गॅरेजला सोडायला पाहिजे व्हती," नामाजी म्हणाला. "दोन खेपांचाच तर सवाल व्हता."

ती समजावत राहिली. तो व्हय व्हय म्हणत राहिला, पण त्याच्या मनातून ते गेलं नाही.

लेकीने खूप आग्रह केला म्हणून तो वसमतला गेला, चार दिवसांत परत आला. दिवाळीनंतर जुन्या मालकाने टेम्पोवर बोलावलं. आता हिंगोलीकडचे, वाशीमकडचे बाजार नामाजी करतो. नांदेडकडचा माल असला की मालक आपणहून दुसऱ्या ड्रायव्हरला सांगतो.