तिथला बर्फ, इथली थंडी

मी राहते त्या इंदिरानगरात कुणी पालापाचोळा पेटवला, की त्या धुराच्या वासाने मला ओझरजवळची आमची द्राक्षबाग आठवते. एका हिवाळ्यात मी वडिलांना जपानला न्यायचं ठरवलं होतं. मात्सुमोतोचा काळा किल्ला बघायचा आणि मग जवळच्या डोंगरावर बर्फात स्कीइंग करायचं. तिकिटं काढायची त्या दिवशी मी बागेवरच होते. पहाटेच पारा घसरला. मणी तडकू नयेत म्हणून वडील ओळीओळींत शेकोट्या पेटवत फिरत होते आणि मी मोबाइल घेऊन त्यांच्या मागे मागे, जायची तारीख विचारत. शेवटी मी पांढऱ्याशुभ्र उताराचा फोटो त्यांच्यापुढे धरला. तो नीट बघून ते म्हणाले, "मी इथं थंडी पळवतोय, अन् तू मला थंडीतच न्यायला निघालीस." माझा चेहरा बघून मग म्हणाले, "जाऊ ना. माल निघू दे." माल निघेपर्यंत एप्रिल उजाडतो आणि तिथला बर्फ वितळायला लागतो. आम्ही अजून गेलेलो नाही. डिसेंबर लागला की मी फोनवर दोन्हीकडचं तापमान सारखं बघत राहते. तिथलं उतरावं म्हणून, आणि इथलं उतरू नये म्हणून.