हापसा बाहेर, खिचडी आत

आमच्या शाळेत इतिहासही मीच शिकवते आणि भूगोलही. भूगोलाचे सर बदलून गेले तेव्हा मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, इतिहासात जे घडलं ते भूगोलातच घडलं ना? मग बघा तुम्हीच दोन्ही." एवढ्या तर्कशुद्ध माणसाशी वाद घालायचा नसतो. तेव्हापासून मी सकाळी हिंगोलीहून एसटीनं कळमनुरी गाठते, पुढं जीपमध्ये दारापाशी लोंबकळत शाळेला येते आणि दोन माणसांचं काम एका पगारात करते.

आठवीला वेढा शिकवत होते. पुस्तकात वेढ्याला दोन ओळी असतात. वेढा पडला, रसद तुटली, किल्ला गेला. पोरं इमानदारीनं लिहून घेत होती. मला शंका आली म्हणून मी विचारलं, "रसद म्हणजे काय रे?"

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "रस्सा असंल म्याडम."

"आणि तो तुटतो कसा?"

"रस्सा तुटला म्हून तर भांडण झालं ना!"

त्याच क्षणी मी ठरवलं, की हा धडा वर्गात शिकवायचा नाही.

पुढच्या आठवड्यात बाकीचे वर्ग खेळाच्या स्पर्धांसाठी आखाडा बाळापूरला गेले. आठवीला कोणी नेलं नाही, कारण मागच्या वेळी आठवीनं पंचांनाच मैदानाबाहेर काढलं होतं. शाळेत उरलो आम्ही, मुख्याध्यापक आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशी. आमची शाळा टेकाडावर आहे. तिन्ही बाजूंनी भिंत, मागं काटेरी बाभळींचा नाला आणि एकच फाटक. हापसा मात्र फाटकाबाहेर. कंपाउंड बांधणाऱ्यानं हापसा बाहेर का ठेवला हे त्यालाच ठाऊक, पण वेढा शिकवायला याहून चांगला किल्ला सरकारनं बांधला नसता.

अर्धा वर्ग आत, अर्धा बाहेर. आतल्यांची किल्लेदार आमच्या वर्गाची मॉनिटर. तिचा आवाज ऐकून गल्लीतली कुत्रीही वाट बदलतात. मी म्हटलं, "आधी नकाशा काढा. उंच कुठं, सखल कुठं, पाणी कुठं, वाट कुठं." भूगोलाच्या तासाला पेंगणारी पोरं भिंतीवर चढून उतार बघायला आणि मागं जाऊन नाल्याची खोली मोजायला लागली. मला भरून आलं.

तेवढ्यात तांड्यावरची एक पोरगी उठली. आदल्याच दिवशी मी सांगितलं होतं, की लमाणांचे तांडे बैलांवर धान्य लादून फौजांना पुरवायचे.

"म्याडम, मी कोन्हाच्याच बाजूनं न्हाई," ती म्हणाली. "आमच्या आज्यापंज्यानं दोन्ही फौजांला धान्य घातलं. मी बी दोन्हीकडं फिरनार."

"हे काय बरोबर आहे का?" किल्लेदारीण ओरडली.

"तुला भूक लागली की बराबर वाटंल," ती शांतपणे म्हणाली.

फाटक बंद झालं. बाहेरच्यांनी पहिल्या झटक्यात हापशावर कबजा केला. आतल्यांना त्याचं काही वाटलं नाही, कारण खिचडीचा तांदूळ, डाळ, शेंगदाणे, गूळ, चूल सगळं आत होतं. बाहेरच्यांना दाखवून दाखवून ते पोट चोळत राहिले. मग स्वयंपाकघरातून मावशी बाहेर आल्या.

"म्याडम, पानी कोन आनून देनार? कोरडा तांदूळ का कपाळावर शिजवू?"

आतल्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. बाहेर हापसा होता पण खायला दाणा नाही. आत दाणा होता पण पाण्याचा थेंब नाही. दोन्ही फौजा एकमेकींकडे बघत उपाशी बसल्या. पोरांना रसदेचा अर्थ मग कोणी सांगायची गरज उरली नाही.

आता लमाणीण निघाली. दप्तर रिकामं करून तिनं पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि नाल्याकडून, ओढणी काट्यांतून सोडवत, आत पोचली. पाण्याच्या बदल्यात तिनं आतल्यांकडून शेंगदाणे आणि गूळ घेतला, ते सगळं बाहेर वाटलं, पुन्हा बाटल्या भरल्या. प्रत्येक खेपेला थोडा गूळ तिच्या तोंडात जात होता. कोणी हरकत घेतली की ती म्हणे, "मंग तूच जा काट्यातून."

वेढा असा छान रंगला असताना किल्ला पडला, तो फितुरीनं. मुख्याध्यापक हापिसातून बाहेर आले. त्यांना अकराच्या आत चहा लागतो, आणि लमाणिणीनं आणलेलं पाणी मावशींनी डाळीत ओतलं होतं.

"मॅडम, हे काय चालून राहिलंय? चहा काहून न्हाई झाला?" रागावले की सर पुस्तकी भाषा सोडतात.

"सर, वेढा पडलाय."

"पडू द्या," असं म्हणून ते तरातरा फाटकाकडे गेले आणि कोणी अडवायच्या आत त्यांनी कडी काढली. बाहेरची फौज आरडाओरडा करत आत घुसली. किल्लेदारीण पायरीवर बसून हमसून रडायला लागली. "आमी हरलो न्हाई म्याडम. सरांनी दार उघडलं!"

"जवळजवळ सगळे किल्ले असेच पडलेत," मी म्हटलं. तिला त्यानं बरं वाटलं नाही. मुख्याध्यापकांनाही नाही.

मग पाणी आलं, चहा झाला, खिचडी शिजली. दोन्ही फौजा एकाच पंगतीला बसल्या. लमाणिणीला मावशींनी न मागता दुसऱ्यांदा वाढलं. किल्लेदारीण ताटात बोट फिरवत बसली होती.

"म्याडम, खऱ्या वेढ्यात लेकरं बी आत असत्यात?"

"असतात."

"आत्ता बी? बातम्यात दाखवतात तिथं?"

"हो. आत्ताही."

दिवसभर मी या पोरांना भूक हसत हसत शिकवत होते. ताटं धुऊन झाल्यावर मी कपाटातून जगाचा नकाशा काढला. त्याचा एक कोपरा उंदरांनी खाल्लेला आहे. तो जमिनीवर पसरला तशी पोरं चारी बाजूंनी ओणवी झाली. बातम्यांत ऐकलेलं एक शहर मी बोटानं दाखवलं.

"पानी कुठून येतं तिथं?" एकानं विचारलं.

मी नदीची निळी रेघ दाखवली. तांड्यावरच्या पोरीनं ती रेघ बोटानं शेवटपर्यंत नेली, मग पुन्हा शहराकडे आली. "अन् मागनं वाट कुठनं हाय म्याडम?"

नकाशात ती नव्हती. आम्ही सगळे मिळून शोधत बसलो.