घंटा निशाकडे होती

परवा घोडेगावला शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये माझा डोळा लागला. विषय होता मूल्यशिक्षण. नुकतंच जेवण झालेलं, डोक्यावर पंखा, आणि साहेब स्लाईडवरचंच वाचून दाखवत होते… शेजारच्या मॅडमनी कोपर मारलं तेव्हा दचकून जागी झाले.

बसल्या बसल्या झोप लागायची ही खोड माझी जुनीच. एकदा ती माझ्या नोकरीच्या मुळावर उठली होती.

तेव्हा मी कळंबजवळच्या एका खाजगी शाळेत होते. मोबाईल अजून शाळेत फक्त मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेसकडे असायचा, तो काळ. राहायला आळ्याला. पहाटे उठून म्हशीची धार, मग सासूबाई… त्यांना अर्धांगवायू झालेला, सगळं अंथरुणातच. मग डबे, आणि आळेफाट्यावरून एसटी, बहुतेक वेळा उभ्यानेच. मिस्टरांची कंपनी बंद पडलेली. घर माझ्या पगारावर आणि माझी ऑर्डर कच्ची. पुढच्या वर्षी ठेवणार की नाही, ही धाकधूक कायमची.

शाळेची एक पद्धत होती. सकाळी पाच मिनिटं सगळ्यांनी हॉलमध्ये गप्प बसायचं आणि आपापल्या घरी जे म्हणतात ते मनात म्हणायचं. कुणी श्लोक म्हणे, तांबोळ्यांची रेहाना ओंजळ उघडून बसे, शहांच्या जुळ्या पोरी नवकार पुटपुटत. मोठ्या बाई ॲडमिशनलाच पालकांना सांगायच्या, "इथं दाराबाहेर चपला काढायच्या, घरचा देव नाही."

आणि मग सहावीत निशा आली. तिच्या वडिलांचं कळंबला मोटर रिवाइंडिंगचं दुकान. ॲडमिशनला आले तेच दुकानातून, हाताला ग्रीस तसंच. म्हणाले, "बाई, आमच्या घरात देव्हारा न्हाई. पोरीला हात जोडायला लावायचं न्हाई. लावलं तर दाखला घिऊन जाईन."

मला वाटलं, गेली ही ॲडमिशन. पण मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या घरी देव नाही, हेसुद्धा तुमच्या घरचंच आहे. ते घेऊन येऊ दे की तिला."

आता निशाने त्या पाच मिनिटांत करायचं काय? तर तिला काम दिलं. डोळे उघडे ठेवून भिंतीवरचं घड्याळ बघायचं, आणि वेळ झाली की व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोला द्यायचा. तीच आमची घंटा.

हॉलमध्ये मुलांवर लक्ष ठेवायची ड्युटी माझी. मी मागच्या खुर्चीत बसायचे. देवाचं नाव घ्यायला म्हणून डोळे मिटायचे… आणि नाव पुरं व्हायच्या आत झोप लागायची. थोड्या वेळाने मान कलंडायची, जाग यायची, आणि नेमका तेव्हाच टोला पडायचा. रोज. माझं टायमिंग भलतंच चांगलं आहे, असं मी समजून चालले होते.

कुणाला कळणार? सगळ्यांचे डोळे मिटलेले. एकीचे उघडे असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दिवाळीनंतर गणिताच्या सरांनी तक्रार केली. घंटा उशिरा होते, पहिला तास कधी पुरा मिळत नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी हॉलमध्येच, सगळ्यांसमोर निशाला उभं केलं. घड्याळ कळत नाही का तुला?

"कळतं," निशा म्हणाली. "पण बाई झोपलेल्या असतात. त्यांना जाग येईस्तोवर मी थांबते. लई दमलेल्या असतात त्या."

मला पोरीचा राग येईना. तिने चहाडी केली नव्हती, विचारलं ते सांगितलं होतं. मी मनातल्या मनात घरी काय सांगायचं याची जुळवाजुळव करायला लागले… नोकरी गेली म्हणून कसं सांगायचं, आधी मिस्टरांना की सासूबाईंना.

ऑफिसात बोलावणं आलं. मी दारातूनच माफी मागायला लागले, तर मोठ्या बाईंनी हातानेच थांबवलं. किती वाजता उठता, घरी कोण कोण असतं, एवढंच विचारलं. मी सांगितलं. सांगता सांगता रडायलाच आलं, कारण हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

"ज्याने त्याने घरून जे आणलंय ते घेऊन बसायचं, असं मीच सांगते ना सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "तुम्ही थकवा आणता. बसा तो घेऊन. पोरांकडे उद्यापासून मी बघते. घंटा मात्र वेळेवर व्हायला हवी."

पुढच्या वर्षीची ऑर्डर मिळाली. त्याच्या पुढच्याही वर्षीची मिळाली.

घंटाही वेळेवर व्हायला लागली. फक्त निशा आधी माझ्या खुर्चीपाशी यायची. खांद्यावर हात ठेवायची, मी डोळे उघडेपर्यंत थांबायची, आणि मग व्हरांड्यात जाऊन टोला द्यायची. आवाजाने मी दचकू नये म्हणून… हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

सासूबाई जाऊन, ती शाळा सोडून बरीच वर्षं झाली. थकवा आहे तसाच आहे, कारणं तेवढी बदलली. परवा साहेब स्लाईडवरून 'करुणा' वाचत होते, माझी बरगडी कोपराने दुखत होती, आणि मला सारखा खांद्यावरचा तो हात आठवत होता.

निशा, तुला थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं गं.