जर्मनीच्या दारावर नवं

कोजागरीच्या सकाळी मी दाराला नवं बांधत होते. भाताची ताजी लोंबी, आंब्याचं पान आणि कुरडूचं फूल यांची ही जुडी आम्ही कोकणातली माणसं दाराला, तुळशीला, अगदी स्कूटरलाही बांधतो. तेवढ्यात जर्मनीहून भाचीचा, सईचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या खिडकीबाहेर पिवळी पानं गळत होती.

"मावशी, तुझ्याकडे नवं आणि माझ्याकडे नुसती पानगळ," ती म्हणाली. "इथे या ऋतूला हर्ब्स्ट म्हणतात. नावसुद्धा किती रुक्ष."

यंदाही तिला घरी येता आलं नव्हतं. फोन ठेवला आणि मी हट्टानं शब्दकोश काढून बसले. अमेरिकेतला 'फॉल' खरोखरच पानांच्या गळण्यावरून आला आहे. पण हर्ब्स्टचा मूळ अर्थ निघाला कापणी. इंग्रजांचा या ऋतूसाठीचा जुना शब्द 'हार्वेस्ट', तोही त्याचाच भाऊ, कापणीचाच. आणि आपण तरी शरद फक्त पुस्तकात म्हणतो, शेतावर त्याला सुगीच म्हणतात. इतक्या लांबलांबच्या मुलखांत, एकमेकांना न विचारता, विळा हातात धरलेल्या माणसांनी या ऋतूला एकाच हाकेनं बोलावलं होतं. मला एकदम माहेर मोठं झाल्यासारखं वाटलं.

सईला लिहिलं, "हर्ब्स्ट म्हणजे कापणी. बांध नवं."

संध्याकाळी फोटो आला. तिच्या दाराला लाल दोऱ्यानं गव्हाच्या ओंब्या बांधलेल्या होत्या, आणि आंब्याच्या पानाच्या जागी तिनं खिडकीबाहेरचं एक गळलेलं पिवळं पान दिमाखात खोचलं होतं.