जहांगीरभाईंचा फोकस

आमच्या टॉकीजमधी "ए, फोकस!" अशी आरोळी कधी उठली नाही. शहरात दुसऱ्या टॉकीजा होत्या, तिथं चित्र जरा धुरकटलं की लोक शिट्ट्या मारायचे, खुर्च्या बडवायचे, ऑपरेटरच्या घरादाराचा उद्धार करायचे. आमच्याकडं नाय. आमच्याकडं वर केबिनमधी जहांगीरभाई होते.

हे शहागंजाच्या अंगाला होतं. आता तिथं मोबाईलची कव्हरं विकतात. माझे मालक खाली तिकिटाच्या खिडकीत बसायचे आणि मी मागच्या कॅन्टीनमधी इंटरवलचे वडे तळायची. त्यामुळं माझं एक झालं. टॉकीजमधी सगळी उमर गेली, पण कुठल्याच पिक्चरचा इंटरवलच्या आधीचा तुकडा मी पाहिला नाही. पिक्चर रंगात आलं की मला उठावं लागायचं, कढई तापवायला. हिरोला दरीत लोंबकळता ठेवून मी जायची आणि वडे खपवून परत यायची, तोवर तो डोक्याला पट्टी बांधून गाणं म्हणत असायचा. मधी काय झालं ते गिऱ्हाइकांच्या तोंडून कळायचं, ते पण चटणी मागता मागता.

जहांगीरभाई म्हणजे काडीसारखा माणूस, पण कडक इस्त्रीचा शर्ट. केबिनमधी भट्टीसारखी गरमी, तरी वरचं बटण लावलेलं. दोन मशिनी होत्या. एकीवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात बारीक ठिपका चमकतो, तो बघून दुसरी चालू करायची. लोकांना तो ठिपका दिसायचा नाही आणि रीळ बदललेलं कळायचं नाही. मी एकदा म्हणलं, "जहांगीरभाई, बसून का नाय करत?" तर म्हणले, "वहिनी, खाली हजार माणूस माझ्या भरोशावर अंधारात बसलंय. मी कसा बसू?"

त्यांचं लग्न झालं आणि करमाडची अख्तरी घरात आली. तिनं जन्मात पिक्चर बघितलं नव्हतं. जहांगीरभाईंनी तिला केबिनमधी आणून, भिंतीतल्या झरोक्यापाशी स्टुलावर बसवलं. त्या दिवशी इतवारचा सकाळचा शो होता, म्हणजे इंग्रजी पिक्चर. समुद्राकाठचं एक गाव असतं, आणि त्यावर आभाळातनं तीन तबकड्या उतरतात. दुसऱ्या कुठल्या ग्रहावरचे लोक असतात त्यात, सगळं जाळत सुटतात. अख्तरीला इंग्रजी येत नव्हतं. जहांगीरभाईंना माझ्याएवढंच येत होतं, म्हणजे 'नो स्मोकिंग'पुरतं. तरी ते मशीन सांभाळत तिला गोष्ट सांगत राहिले. आता हा असं म्हणतोय, आता ती तसं म्हणतीय. निम्मं त्यांनी मनानंच रचलं असणार. तबकड्या आल्या तशी अख्तरीनं त्यांची बाही अशी घट्ट धरली की शिवण उसवली. ते पिक्चर दर उन्हाळ्यात यायचं आणि दर उन्हाळ्यात अख्तरी केबिनमधी जाऊन भिऊन यायची. पुढं पुढं हिंदी पिक्चर पण तिला त्यांनी सांगितल्याशिवाय कळायचं नाही. मी म्हणायची, "अगं, हे तर हिंदीच बोलतात!" ती म्हणायची, "वो बोलते सो अलग, ये बोलते सो अलग, आपा."

मी मात्र त्या तबकड्या कधीच पाहिल्या नाहीत. त्या इंटरवलच्या तोंडावर यायच्या. मला खाली कढईपाशी हजार माणसाची किंकाळी ऐकू यायची आणि मी वडे सोडायची.

टॉकीज बंद पडली. माझे मालक गेले. मी हर्सूलला लेकाकडं आले, आणि दोन घरं सोडून जहांगीरभाईंनी घर घेतलं. तिथं ते पंखे, मिक्सर दुरुस्त करायला लागले. हात चांगला. पण मागल्या साली माझा पंखा त्यांच्याकडून आला तो उलटाच फिरायला लागला. सगळा वारा छताला. मी खाली घामानं डबडबलेली. मी सांगितलं तर म्हणले, "व्होल्टेजचा प्रॉब्लेम है, वहिनी." पुढं दोन महिन्यांत दुकानाचं शटरच खाली आलं. "आजकाल लोक दुरुस्त कुठं करतात, नवीनच घेतात," असं सांगायचे. मी म्हणलं असेल बाबा.

यंदा उन्हाळ्यात माझी नात स्वरदा पुण्याहून आली. तिला लहानपणी मी त्या तबकड्यांच्या किंकाळ्या लई वेळा सांगितल्या होत्या. तिनं ते पिक्चर कुठून तरी मागवलं. चकचकीत डिस्क, आणि ती चालवायचं यंत्र. म्हणली, "आजी, जुनी रिळं साफ करून, एकेक चित्र धुऊन काढलंय. इतकं क्लिअर की तेव्हा थेटरात पण दिसलं नसेल."

"आमच्या थेटरात दिसत होतं," मी म्हणलं. "जहांगीरभाई होते."

मग त्यांनाच बोलावलं. इतवारची दुपार, पडदे ओढले, सोफ्यावर अख्तरी आणि जहांगीरभाई, खाली मी आणि स्वरदा. पिक्चर सुरू झालं. काय सांगू! बाईच्या कानातल्या डुलाचे खडे मोजून घ्यावेत इतकं साफ.

जहांगीरभाई म्हणले, "बेटा, जरा फोकस कर."

स्वरदा म्हणली, "आजोबा, टीव्हीला फोकस नसतो. आणि एकदम शार्प आहे की!"

"अच्छा अच्छा," ते म्हणले. मग अख्तरीनं कोपरानं ढोसलं, तसं त्यांनी सांगायला सुरुवात केली. काय बहार! कोण दीपगृहात राहतो, कुणाचं कुणावर प्रेम आहे, मेयर कसा भित्रा आहे. स्वरदा खुसुखुसू हसत होती, कारण तिला इंग्रजी येतं आणि पडद्यावरची माणसं भलतंच बोलत होती.

"अब देख अख्तरी," ते म्हणले, "गाव की बत्ती गुल. अब सब भागते. वो मोटी औरत की चप्पल निकल गई, देखी? बच्चा रोता. भागो, भागो!"

पडद्यावर कुणीच पळत नव्हतं. एक म्हातारा बाकावर बसून, चाकूनं सफरचंद सोलून, फोडी कुत्र्याला घालत होता.

स्वरदाचं हसू थांबलं. मी अख्तरीकडं बघितलं. अख्तरी नवऱ्याकडं बघत होती.

"क्या बोलरे जी तुम?" ती म्हणली. "उधर तो बुढ्ढा सेब काटरा."

ते थांबले. पुढं वाकले. डोळे बारीक केले, मोठे केले. "बुढ्ढा? इसमें बुढ्ढा नै है."

आता खरं असं, की आमच्याकडं येणारं रीळ दहा गावं फिरून यायचं. तुटायचं, जोडायचं, तुटलेला तुकडा फेकून द्यायचा. त्या म्हाताऱ्याचा तुकडा आमच्याकडं यायच्या आधीच कुठं तरी कापला गेला होता. जहांगीरभाई समोरचं बघत नव्हते. त्यांच्या मनातलं रीळ चालू होतं, तेच ते सांगत होते.

अख्तरी म्हणली, "स्वरदा बेटा, बंद कर." मग त्यांच्याकडं वळली. कधी आवाज न चढवणारी बाई, तेव्हा पण चढवला नाही. "रस्ता पार करते वखत मैं तुमारा हाथ पकड़ती. मेरेकू लगता तुम देखरे."

त्यांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं.

"और तुमकू लगता मैं देखरी. जालना रोड पे हम दोनों किसके भरोसे चलरे थे जी?"

मला आधी हसूच आलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. उजव्या डोळ्यानं नुस्ता उजेड दिसत होता, डाव्यानं दुधातनं बघितल्यासारखं. दुकान त्यापायीच बंद केलेलं. मोतीबिंदू आहे हे त्यांना पण कळत होतं. पण त्यांच्या थोरल्या भावाचं फार वर्षांमागं गंगापूरकडं एका शिबिरात ऑपरेशन झालं होतं, आणि त्या भावाचा डोळा कायमचा गेला. "थोडं दिसतंय ते राहू द्या," ते म्हणले. "ते पण गेलं तर?"

मी शहाणपणा केला. म्हणलं, "जहांगीरभाई, मशीनच्या लेन्सला बुरशी आली होती, तेव्हा काय केलं तुम्ही?"

"बदलली."

"मग? मशीन भंगारात दिली का?"

"वहिनी," ते म्हणले, "मशीनला भीती वाटत नाय."

मी चहा टाकायला उठले.

अख्तरीनं पण पुढं वाद घातला नाही. एवढंच म्हणली, की हे पिक्चर तुम्ही बघितल्याशिवाय मी बघणार नाही. स्वरदा पुण्याला गेली. जाताना मला यंत्र चालवायला शिकवून गेली, कुठलं बटण दाबायचं त्यावर टिकली चिकटवली. ते दोघं त्यांच्या घरात. गल्लीत दिसले की जहांगीरभाई लांबूनच सलाम करायचे, तो पण कधी कधी आमच्या शेजारणीला.

एक दिवस सकाळीच भिंत चाचपत आले. पायरीवर बसले. मी पाणी दिलं, त्यांनी गिलासाला आधी बोट लावून बघितलं, मग धरला.

"वहिनी, त्या म्हाताऱ्याचं पुढं काय झालं?"

"कुठला म्हातारा?"

"सफरचंदवाला."

"मला काय माहीत? अख्तरीनं बंद नाही का करायला लावलं?"

त्यांनी गिलास चाचपून पायरीवर ठेवला. मग म्हणले, "इतकी वर्षं ते पिक्चर चालवलं. एकेक माणूस ओळखीचा. आणि त्यात हा एक बसला होता, कुत्र्याला खाऊ घालत, आणि मला पत्ताच नाही. रात्री पडलो की तोच येतो डोळ्यासमोर. कसा असेल? टोपी आहे का त्याला?"

"आहे. कान झाकायची."

"कुत्रा?"

"काळा. एक कान पडलेला."

"या अल्ला," ते म्हणले, जसं काय नातलग निघाला. मग उठले. "अख्तरीला तुम्हीच सांगा, माझ्यानं म्हणवत नाय, दवाखान्यात यायला तयार हो म्हणावं. मला ते स्वतः बघायचंय."

दवाखान्यात आम्ही दोघी बाहेर बाकावर. अख्तरीच्या हातात तसबीहची माळ, माझ्या हातात चहाचा थर्मास. तिचे ओठ हलत होते आणि माझा पाय. आतून डॉक्टरीणबाई आल्या, लेकीच्या वयाच्या. म्हणाल्या, "आजोबा फार बोलतात हो! लेन्स कुठल्या कंपनीची, विचारत होते." अख्तरी हसली आणि मग जी रडायला लागली, की डॉक्टरीणबाईच घाबरल्या.

पट्टी निघाली. एक डोळा झाला, दुसरा दिवाळीनंतर. जहांगीरभाई आमच्या घरी आले ते दारातच थबकले.

"वहिनी, भिंतीला हा रंग कुणी पसंत केला?"

"तुम्हीच की! लेकानं रंगांची पट्टी दाखवली, तुम्ही म्हणलात हाच झकास."

"तौबा," ते म्हणले आणि सोफ्यावर बसले.

पडदे ओढले. टिकलीचं बटण मी दाबलं. मी ह्या खेपेला खाली नाही बसले, गुडघे ऐकत नाहीत. अख्तरीच्या पलीकडं बसले. म्हातारा आला. सफरचंद सोलायला लागला. जहांगीरभाई पुढं सरकून, दोन्ही हात गुडघ्यांवर, श्वास पण घेईनात.

अख्तरीनं ढोसलं. "बोलो ना जी. ये क्या बोलता?"

"रुक," ते म्हणले. "मेरेकू बी देखने दे."

म्हाताऱ्यानं शेवटची फोड स्वतः न खाता कुत्र्याला दिली. एवढंच होतं. पुढं बत्ती गेली, लोक पळाले, जाड्या बाईची चप्पल निघाली, सगळं बरोबर. जहांगीरभाईंचा आवाज लागला. आता तबकड्या येणार होत्या. माझं अंग आपसूक उठायला लागलं, कढईच्या सवयीनं. मी स्वतःलाच धरून खाली बसवलं. इतक्या वर्षांनी मला पहिल्यांदा त्या दिसणार होत्या.

ढग फाटला. परातीएवढी तबकडी खाली आली, सगळ्या बाजूंनी दिवे लुकलुकत. आणि तिच्या वर, अगदी साफ, एक बारीक तार. संक्रांतीच्या पतंगाला मांजा असतो तशी. तबकडी तारेला टांगलेली, आणि जराशी झुलत पण होती.

मी बोलायला तोंड उघडलं. जहांगीरभाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांना दिसली होती. नव्या डोळ्याला दिसली होती, आणि माझं उघडं तोंड पण दिसलं होतं. त्यांनी हळूच मान हलवली, नको.

मग बायकोला म्हणले, "अख्तरी, आँखां बंद कर. आ गए."

तिनं झटकन ओढणी तोंडावर घेतली आणि त्यांची बाही पकडली.

"कित्ती बड़ी है?" ती ओढणीतून म्हणली.

"पूरे गाँव पे छाँव पड़ी," ते म्हणले. "ऊपर कुच नै, नीचे कुच नै. हवा में खड़ी है." आवाज तोच, केबिनमधला. पडद्यावर दुसरी तबकडी आली, तिला पण तार. मी पदर तोंडाला लावला.

"गई क्या जी?"

जहांगीरभाई टीव्हीकडं बघत होते, डोळ्यात पाणी आणि ओठांवर हसू. बाहीवरच्या तिच्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला.

"अब्बी नै," ते म्हणले. "एक बाकी है. कस के पकड़."